मदर्स डेला चर्चच्या निधीसाठी पाककृतीचं प्रात्यक्षिक: काय करावं, किती करावं, कुठे अडतं

तुमचा प्रश्न असा आहे: वसईतल्या तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मेच्या दुसऱ्या रविवारी, मदर्स डेला, आयांच्या सन्मानासाठी पाककृतीचं प्रात्यक्षिक ठेवायचं, त्यातून सभागृहाच्या दुरुस्तीसाठी पैसे उभे करायचे. ८० जण येतील. काय शिजवावं आणि तिकीट किती ठेवावं?

पदार्थ आधी ठरवा, बाकीचं त्यावरून ठरत जातं. माझं मत फुग्यांना, म्हणजे आंबवलेल्या मैद्याच्या तळलेल्या गोळ्यांना, सोबत बॉटल मसाल्याची (बाटल्यांत भरून ठेवायच्या घरगुती मिरची-मसाल्याची) चिकन करी. केक-पुडिंगची कृती मोबाइलवर फुकट मिळते. फुग्यांचं पीठ किती सैल ठेवायचं, मूठ किती दाबायची, अंगठा आणि तर्जनीमधून गोळा कसा तोडायचा, हे मात्र हात बघितल्याशिवाय येत नाही. आणि ते हात पॅरिशमधल्या साठी-सत्तरीच्या बायकांचे आहेत. सन्मान करायचा तर त्यांच्या कसबाचा करा. त्या दिवशी चिरणं, वाढणं, भांडी घासणं हे सगळं मुलगे, नवरे आणि युवक गटाकडे, हे आधीच्या बैठकीत नावानिशी लिहून घ्या. नाहीतर ज्यांचा सत्कार, त्या बायकाच रात्री कढया घासत बसतात.

१ किलो मैद्याला ४ अंडी, ८० ग्रॅम साखर, २ छोटे चमचे मीठ, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, दोन नारळांचं अर्धा लिटर जाड दूध आणि लागेल तसं दीडशे मिलिलिटरपर्यंत कोमट पाणी. यातून ७०-७५ फुगे होतात. माणशी तीन धरले तर ४ किलो मैदा पुरतो, मंचावरचं पीठही त्यातच येतं. पूर्वी ताडीवर आंबवत, चवही वेगळी यायची. पण ताडीचा जोर रोज बदलतो, वेळ बांधलेल्या कार्यक्रमात तो धोका नको. यीस्ट आदल्या दिवशी तपासा: चमचाभर साखरेच्या कोमट पाण्यात टाकल्यावर दहा मिनिटांत फेस आला नाही तर नवं आणा. मीठ यीस्टवर थेट टाकू नका, पिठात मिसळा. नारळाचं दूध सकाळी काढून बर्फावर ठेवा, उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत आंबतं. मात्र पिठात घालण्यापूर्वी कोमट करून घ्या, गार दुधात यीस्ट सुस्तावतं आणि कढत दुधात मरतं.

खरी अडचण मे महिन्याच्या उष्म्याची. पीठ दीड तासात दुप्पट होतं आणि तसंच राहू दिलं तर आंबट होऊन बसतं. बसलेलं पीठ फुगत नाही, तेल मात्र भरपूर पितं. म्हणून सगळं पीठ एकदम भिजवू नका. कार्यक्रम साडेचारला असेल तर मंचासाठी तीन पातेली लागतील: एक पावणेचारला भिजवलेलं, तळायच्या वेळी तयार होणारं, एक सव्वाचारचं, अर्धवट फुगलेलं, आणि तिसरं लोकांसमोर भिजवायचं. हाताने पंधरा मिनिटं आपटून-फेटून पीठ तारेला कसं येतं ते पूर्ण दाखवा. लोक तेच बघायला आलेले असतात, घाई नको. सर्वांच्या खाण्याचं पीठ मागच्या स्वयंपाकघरात, दोन हप्त्यांत, अर्ध्या तासाच्या अंतराने.

तेल कढईत किमान तीन इंच खोल हवं, म्हणजे फुगे आपोआप उलटतात. आच मध्यम. पिठाचा थेंब टाकला की दोन सेकंदांत वर यायला हवा. लगेच वर येऊन काळपटला तर तेल जास्त तापलंय, आत कच्चं राहणार. तळाशी रेंगाळला तर थांबा. घरी हात पाण्यात बुडवतात, पण मंचावर पाण्याऐवजी तेलाचा हात घ्या. पाण्याचा थेंब कढईत पडला की तेल उडतं आणि समोर पहिल्या रांगेत मुलं बसलेली असतात. ती रांग कढईपासून सहा फूट लांब ठेवा. एका घाण्यात दहा-बारा फुगे, तीन मिनिटं. २४० फुग्यांना स्वयंपाकघरात दोन कढया असतील तर पाऊण तास लागेल, त्यामुळे मंचावर तळणी सुरू झाली की आतही सुरू करा.

मंचावरचा पंखा बंद, नाहीतर ज्योत हलते. जादा सिलिंडर सभागृहाबाहेर. कढईला बसणारं झाकण हाताशी ठेवा: तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकायचं, पाणी कधीच नाही. वरून मोबाइल लावून पडद्यावर चित्र दाखवा, मागच्यांना कढई दिसत नाही. पिठाच्या हातात माइक धरता येत नाही, तेव्हा कॉलर माइक लागेल. ज्यांना बोलायची सवय नाही त्यांच्या शेजारी सुनेला किंवा नातीला उभं करा आणि तिने प्रश्न विचारावेत. पाठ केलेल्या भाषणापेक्षा त्या गप्पांत जास्त शिकायला मिळतं.

करीला १० किलो चिकन पुरेल. बारा-पंधरा जणांसाठी त्याच मसाल्यात बटाटा-वाटाणा. फुग्यांत अंडी आहेत हे तिकिटावरच लिहा, शाकाहारींसाठी पाव ठेवा.

आता पैसे. सामान, गॅस, पत्रावळी, माइक धरून माणशी साधारण १०० रुपये येतील (दर तुमच्या बाजारात ताडून बघा). ३०० रुपयांचं तिकीट ठेवलं तर ८० जणांमागे १६,००० सुटतात. त्यात भर घालायची तर बॉटल मसाला विका. एप्रिल-मे हाच तो करायचा हंगाम, पावसाआधी घराघरांत मिरच्या वाळत असतात. १०० ग्रॅमच्या ६० बाटल्या, प्रत्येकी ७० रुपये सुटले तरी ४,२०० होतात. मागणी मात्र तिकिटाबरोबरच नोंदवून घ्या, उरलेला माल म्हणजे अडकलेले पैसे. विक्रीसाठी अन्नसुरक्षेची मूलभूत नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते, महिनाभर आधी करा. मिरच्या सभागृहात अजिबात भाजू नका, सगळे ठसकतील. भाजलेले मसाले वेगवेगळ्या वाट्यांत फिरवून वास घ्यायला द्या. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं आणि काहींना ते सांगायचं नसतं. त्यासाठी आग्रह करू नये.

तिकिटाच्या बदल्यात जेवण मिळतं, तेव्हा ती देणगी नव्हे. वरचे पैसे कोणी दिले तर ट्रस्टची वेगळी पावती फाडा. देणगीवर आयकराची सवलत हवी असेल त्यांच्याकडून २,००० रुपयांवरची रक्कम रोख घेऊ नका. क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच असावा, कोणाच्या खाजगी नंबरचा नको.

१९०८ साली अमेरिकेतल्या ग्राफ्टनच्या मेथडिस्ट चर्चमध्ये मदर्स डेची पहिली उपासना झाली तेव्हा हा दिवस सुरू करणाऱ्या ॲना जार्विसने पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली होती. वसईत सोनचाफा आहे, तोच द्या, आणि प्रत्येक बाईला द्या. ‘ज्या आई आहेत त्यांनी उभं राहा’ असं माइकवरून म्हणू नका, काहींना ते फार लागतं. मे महिन्यात संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) असते, तेव्हा साडेसहाला आटपा. रोकड दोघांनी त्याच दिवशी मोजून सही करावी. जमा-खर्च पुढच्या रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) वाचून दाखवा, किती कौलं किंवा पत्रे येतील त्या आकड्यासकट.