रेकॉर्ड कंपनीची उचल आणि चाहत्यांचे आगाऊ पैसे

प्रश्न : रेकॉर्ड कंपनीशी करार न करता एखादा रॉक बँड तग धरू शकतो का? अल्बमच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च मग कोण उचलतो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : धरू शकतो, आणि याचे मला सर्वांत पटलेले उदाहरण इंग्लंडमधील एल्सबरीच्या ‘मॅरिलियन’ या बँडचे आहे. कंपनी बँडला जी रक्कम देते ती उचल असते. अल्बम विकला जाऊ लागला की बँडच्या वाट्यातून ती आधी वळती होते, आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क बहुधा कंपनीकडेच राहतात. १९९५ मध्ये या बँडचा ईएमआय कंपनीशी असलेला करार संपुष्टात आला. १९९७ मध्ये, अमेरिकेचा दौरा तोट्यात जात असल्यामुळे तो करता येणार नाही, असे कीबोर्डवादक मार्क केली यांनी कळवले, तेव्हा तिथल्या चाहत्यांनी बँडने न मागताच सुमारे ६०,००० डॉलर जमवले आणि दौरा घडवून आणला. मला ही घटना फार मोलाची वाटते, कारण पुढचे सारे तिच्यातून सुचले.

२००१ च्या ‘अनोराकनोफोबिया’ या अल्बमसाठी बारा हजारांहून अधिक चाहत्यांनी आगाऊ पैसे भरले आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च त्यातून निघाला. ईएमआयकडे या वेळी केवळ वितरण होते. २००४ चा ‘मार्बल्स’ तर बँडने स्वतःच प्रकाशित केला. आगाऊ पैसे भरणाऱ्यांसाठी त्याची जी खास आवृत्ती निघाली, तिच्या पुस्तिकेत त्या सर्वांची नावे बारीक टाइपात पानोपानी छापलेली आहेत. या अल्बममधले ‘यू आर गॉन’ हे गाणे ब्रिटनच्या खपाच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

मात्र एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. १९८५ मध्ये याच बँडचा ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’ हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, तो ईएमआयच्याच काळात. म्हणजे हाकेला ओ देणारे श्रोते कंपनीच्या जोरावर आधीच जोडले गेले होते. नव्या बँडला हा श्रोतृवर्ग एकेक माणूस करून जमवावा लागतो, आणि त्याला अनेक वर्षे लागतात. म्हणून कोणी तरुण वादक मला विचारतात, तेव्हा मी त्यांना पहिल्या कार्यक्रमापासूनच दाराशी एक वही ठेवायला आणि येणाऱ्या प्रत्येकाचे नाव व ईमेल तिच्यात लिहून घ्यायला सांगतो.