वाचक विचारतात : दहा जण जमत नसतील तेव्हा

प्रश्न : आम्ही खानापूरजवळ राहणारे एकटेच बेने इस्राएल (मराठी बोलणारे ज्यू) कुटुंब आहोत. २०२० च्या टाळेबंदीपासून पुण्यामुंबईचे जाणेही तुटले. समाजाशी नाते कसे राखावे?

उत्तर : कद्दीश (मृतांसाठी म्हणायची प्रार्थना) आणि तोराह या धर्मग्रंथाचे सार्वजनिक वाचन यांना दहा प्रौढांचा मिन्यान, म्हणजे प्रार्थनेसाठीची किमान संख्या, लागते, परंपरेने हे दहा पुरुष एकाच जागी असावे लागतात आणि शब्बाथला (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रामदिवस) फोन वापरत नाहीत, त्यामुळे पडद्यावरची भेट ही त्याची भरपाई नव्हे. मात्र शमा (एका देवावरील श्रद्धेची प्रार्थना), शुक्रवारचे दिवे आणि किद्दूश (द्राक्षरसाच्या पेल्यावर म्हणायचा आशीर्वाद) यांना मिन्यान लागत नाही. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी नातेवाइकांना फोन करण्याची वेळ ठरवून घ्यावी, आणि वर्षातून एखादा सण तरी पुण्याच्या लाल देवळात (हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर) किंवा मुंबईत साजरा करावा.

माझ्या मते खरा आधार मलिदा या आपल्या घरगुती विधीचा आहे. गोड पोहे, खोबरे, फळे मांडून एलियाहू हन्नाबीचे (प्रेषित एलियाचे) स्मरण घरीच होते, आणि त्या ताटाभोवती मराठी शेजारी बसले तरी काही बिघडत नाही. कोकणात तेल गाळणारे आपले पूर्वज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले, ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणूनच. तेव्हाही गावात आपली दोनचारच घरे असत.