जिमच्या पहिल्या दिवसानंतर दंड सुजलाय, हात सरळ होत नाही. परत कधी सुरू करू?

नाशिकमध्ये जिम लावून पहिल्याच दिवशी बायसेप्सचे सहा सेट मारले, आज चौथा दिवस, दुखणं उतरतंय पण सूज वाढतेय, असं तुम्ही लिहिलंय. आधी लघवीचा रंग बघा. कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद होत असेल, दंड टणक झाला असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर आजच दवाखाना गाठा. स्नायू फार तुटले की त्यातले घटक मूत्रपिंडावर येतात. अशा वेळी आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने घेऊ नका.

तसं काही नसेल तर घाबरू नका. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं, सूज बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी. व्यायाम करताना स्नायूत तयार होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडचा यात दोष नाही, ते तासा-दोन तासांत निघून जातं. इजा होते ती डंबेल खाली सोडताना, कारण स्नायू लांबत असतानाच वजन पेलत असतो. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे.

बहुतेक जण चुकतात ते ताकदीच्या बाबतीत. ती व्यायाम संपताच घटते, नवख्या माणसाची कधी कधी निम्म्यावर येते, आणि भरून यायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. दुखणं मात्र त्याआधीच थांबतं. म्हणून दुखण्यावर भरवसा ठेवू नका, मोजा. दंडाच्या मधोमध पेनाने खूण करा, हात सैल सोडून रोज सकाळी त्याच खुणेवर शिंप्याची टेप लावा. घेर उतरला, कोपर दुसऱ्या हाताइतकं सरळ झालं, की निम्म्या वजनाने दोनच सेट, प्रत्येकी ८ ते १० रेप्स (म्हणजे उचलण्याच्या फेऱ्या). अजून तीन निघतील असं वाटतानाच थांबा. तोवर पायांचा हलका व्यायाम किंवा गोदापार्कवर चालणं चालेल. पाठीचे रोइंग-पुलडाउन टाळा, त्यातही बायसेप्स ओढला जातो.

पहिल्या आठवड्यातला वाढलेला घेर पाण्याचा असतो, तो कमावलेला स्नायू समजू नका. एकदा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच व्यायामाला खूप कमी सुजतो. हे संरक्षण हलक्या सुरुवातीनेही बऱ्यापैकी मिळतं, त्यामुळे ‘दुखलं नाही तर व्यायाम कसला’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.