मोती खोटे, बिल त्याहून खोटं

प्रश्न: मी आणि माझी धाकटी बहीण जानेवारी २०२५ मध्ये दहा दिवस चीनला जाऊन आलो. ८ जानेवारीला तिथल्या एका मोठ्या मोती बाजारात मी ३९ टपोऱ्या मोत्यांचा एकपदरी हार घेतला. दुकानदारीण म्हणाली, हे साऊथ सी मोती, म्हणजे समुद्रातले महागडे. क्रेडिट कार्डावर १४,५०० युआन दिले, स्टेटमेंटवर १,७४,००० रुपये पडले. तिने 'कस्टम्ससाठी' म्हणून आपणहून २,८०० युआनचं बिल लिहून दिलं आणि त्याच मोत्यांचे टॉप्स वर दिले. १२ जानेवारीला परतताना ग्रीन चॅनलमध्ये, म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेवर, मला अडवलं. मी ते बिल दाखवलं, पण अधिकाऱ्यांनी मानलं नाही. त्यांच्या मूल्यांकनकाराने हाराची किंमत २,१०,००० रुपये लावली आणि हार जप्त झाला. टॉप्स कानात होते, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आता आमच्या सराफाने ते टॉप्स भिंगाखाली पाहून सांगितलं की हे समुद्रातले नाहीत, गोड्या पाण्यातले कल्चर्ड मोती आहेत. म्हणून मी बँकेकडे पैसे परत मागणार आहे आणि कस्टम्सला कळवणार आहे की २,८०० युआनचं बिलच खरं, कारण माल तेवढ्याच लायकीचा आहे. नोटीस अजून आलेली नाही. हे चालेल ना?

उत्तर: नाही, ताई. यातली पहिली गोष्ट जरूर करा. दुसरी चुकूनही करू नका.

बँकेला तुम्ही सांगणार की मी १४,५०० युआन दिले आणि फसले. कस्टम्सला सांगणार की मी २,८०० दिले. दोन्ही कागदांवर सही तुमचीच असेल. कार्डाचं स्टेटमेंट मागवायला अधिकाऱ्यांना एक पत्र पुरतं.

तुमच्या मनात भीती आहे ती ड्युटीची, पण ड्युटी हा या प्रकरणातला सगळ्यात सौम्य भाग आहे. तुम्ही उतरलात त्या दिवशी लागू असलेल्या बॅगेज नियम २०१६ प्रमाणे चीनहून परतणाऱ्या प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान विनाशुल्क आणता येत होतं. त्यावरच्या रकमेला अधिभारासह ३८.५ टक्के. म्हणजे १,७४,००० मधून ५०,००० वजा केले की उरतात १,२४,००० आणि त्यांवर ड्युटी होते ४७,७४० रुपये. हिशोब ढोबळ आहे, कारण कस्टम्स युआनचा रुपया स्वतःच्या अधिसूचित दराने करतं, तुमच्या बँकेच्या दराने नाही. बहिणीची सूट जोडून लाखाची मर्यादा धरता येते का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. नाही येत. नियमातच लिहिलंय, एकाची सूट दुसऱ्याच्या सुटीत मिळवता येत नाही.

आता दंड. माल जाहीर न करता आणला म्हणून सीमाशुल्क अधिनियम १९६२ च्या कलम ११२ खाली शास्ती होते. मोती काही बंदी असलेली वस्तू नाही, त्यामुळे ती बुडवू पाहिलेल्या ड्युटीच्या १० टक्के किंवा ५,००० रुपये, यांत जे जास्त असेल तिथवर. तुमच्या बाबतीत १० टक्के होतात ४,७७४. म्हणजे जास्तीत जास्त पाच हजार! पण कलम ११४एए पाहा. जाणूनबुजून खोटा कागद वापरला तर मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो. १,७४,००० च्या पाचपट, ८,७०,००० रुपये. इतका कुणी लावेलच असं नाही, वरची मर्यादा सांगतोय. हार न सांगता आणणं ही पाच हजारांची चूक होती. ते बिल दाखवणं ही आठ लाखांच्या दारात उभं राहणं होतं. आणि तुम्ही आता तेच बिल दुसऱ्यांदा, या वेळी घरी शांतपणे बसून, पुढे करू म्हणता.

दुकानदार असं बिल का देतात? त्यांचं काही जात नाही म्हणून. गिऱ्हाईक खूश होतं. उद्या मोती बोगस निघाले तर दुकानातून घेतलेल्या मालाचा एकमेव कागद २,८०० युआनचा असतो, हा त्यांचा वरचा फायदा.

तेव्हा पहिलं काम म्हणजे सहायक किंवा उपायुक्तांच्या नावे पत्र, नोटीस येण्याआधी. हार १४,५०० युआनला घेतला, पैसे अमुक कार्डावरून गेले, स्टेटमेंट सोबत जोडलं आहे, कमी रकमेचं बिल विक्रेतीने दिलं होतं आणि ते मी दाखवलं ही माझी चूक झाली, होईल ती ड्युटी भरायला तयार आहे. एवढंच लिहा. 'मला चिनी येत नव्हतं, बिलावर काय लिहिलंय ते कळलं नाही' असलं काही घालू नका, आकडे सगळ्या जगात सारखेच दिसतात. कलम १०८ खाली तुमचा जबाब घेतला असणार, त्याची प्रत मागा. तीन महिन्यांनी जबाब फिरवणारे माझ्याकडे पुष्कळ येतात आणि त्यांना मी सांगतो की हे पश्चातबुद्धीत मोजलं जाईल. पण स्वतःच्या विरुद्ध जाणारी दुरुस्ती कुणी पश्चातबुद्धीने करत नाही. तिचं वजन वेगळं पडतं.

विमानतळावर तुमच्याकडून 'मला लेखी नोटीस नको, सुनावणी नको' अशा छापील मजकुरावर सही घेतली होती का, तेही आठवून पाहा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अशा छापील सह्यांना नोटीस मानायला नकार दिला आहे. दिल्लीबाहेर तो निकाल बंधनकारक नाही, पण दाखवता नक्की येतो. जप्तीनंतर सहा महिन्यांत, म्हणजे १२ जुलैच्या आत, नोटीस यायला हवी. वरिष्ठ अधिकारी कारण नोंदवून ही मुदत आणखी सहा महिने वाढवू शकतात. तेव्हा 'मुदत संपली की हार आपोआप घरी' या आशेवर बसू नका.

मग मोती गोड्या पाण्यातले निघाले त्याचा कस्टम्सकडे काहीच उपयोग नाही का? आहे, पण तुम्ही समजता तिथे नाही.

ड्युटी ठरते ती मुळात प्रत्यक्ष दिलेल्या किमतीवर. स्वस्त माल महाग घेतला तरी दिलेली किंमत दिलेलीच राहते. मात्र मूल्यांकनकाराने २,१०,००० चा आकडा साऊथ सी धरून काढला असेल, तर त्याचा पाया प्रयोगशाळेच्या अहवालाने निघतो आणि १,७४,००० वर परतता येतं. ड्युटीत सुमारे चौदा हजारांचा फरक पडेल. खरा उपयोग पुढे आहे. हार सरकारजमा ठरवला तरी, बंदी नसलेल्या मालाच्या बाबतीत दंड भरून तो सोडवून घेण्याचा पर्याय अधिकाऱ्याला द्यावाच लागतो. कलम १२५ मध्ये इथे 'देऊ शकेल' नाही, 'देईल' आहे. या सोडवणुकीच्या दंडाची कमाल मर्यादा म्हणजे मालाचा बाजारभाव वजा ड्युटी. दिलेली किंमत नव्हे, बाजारभाव! मोती खरोखर गोड्या पाण्यातले असतील तर बाजारभाव खाली येतो आणि त्याबरोबर दंडाची मर्यादाही. ड्युटीसाठी तुम्ही काय दिलंत ते बघतात, दंडासाठी माल काय लायकीचा आहे ते. तुमच्या पत्रात या दोन गोष्टींची खिचडी झाली होती.

त्यासाठी सराफाचं भिंग पुरणार नाही. पूर्वी गोड्या पाण्यातले मोती लहान आणि वेडेवाकडे असत, ओळखणं सोपं होतं. आता चीनमध्ये आत मणी घालून वाढवलेले मोठे, गोल मोती निघतात आणि भोकाच्या कडेला मण्याची रेघही दिसते, अगदी साऊथ सीसारखी. प्रयोगशाळा क्ष-किरणांनी मोत्यातली मूलद्रव्यं तपासते. गोड्या पाण्यातल्या मोत्यात मँगनीज जास्त सापडतं, समुद्रातल्यात स्ट्रॉन्शियम. जप्त हाराची तशी तपासणी तुमच्या खर्चाने व्हावी, अशी लेखी विनंती त्याच पत्रात करा. पंचनाम्यात 'मोत्यांचा हार' लिहिलंय की 'सुटे मोती, ३९ नग', तेही पाहून घ्या. प्रत्येक मोत्यानंतर गाठ आहे, हूक लावलेला आहे, म्हणजे तो घालायचा दागिना आहे. नुसते वाहतुकीपुरते दोऱ्यात ओवलेले मोती कायद्याच्या लेखी सुटेच असतात, आणि सुट्या मोत्यांकडे व्यापारी माल म्हणून बघितलं जातं.

आता बँक. इथे घाई आहे. माल सांगितल्याप्रमाणे नाही या कारणाने कार्डाचा व्यवहार उलटवण्याची मुदत सहसा १२० दिवसांची असते. ८ जानेवारीपासून मोजलं तर ८ मे. तुमचं पत्र २१ एप्रिलचं आहे. बँकेकडे अर्ज करण्याआधी दुकानाला निरोप पाठवा की मोती साऊथ सी नाहीत, पैसे परत करा, हार परत द्यायला तयार आहे, पण सध्या तो कस्टम्सच्या ताब्यात आहे. वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर बोलणं झालं असेल तर तिथेच पाठवा आणि जुन्या संवादासकट स्क्रीनशॉट घ्या. 'साऊथ सी' हे शब्द कुठे तिच्या बाजूने लिहिलेले सापडले तर ते सोनं समजा. बँकेच्या अर्जाला जप्तीची पावती जोडा, म्हणजे माल परत का पाठवला नाही हे कुणी विचारणार नाही. बँकेने नकार दिला किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तो मोती खरे की खोटे हे ठरवणार नाही, बँकेने तुमची तक्रार नीट हाताळली का एवढंच पाहील.

चीनचा कायदा कागदावर ग्राहकाच्या बाजूने कडक आहे. फसवणूक सिद्ध झाली तर किमतीच्या तिप्पट भरपाई, किमान ५०० युआन. त्यांचा तक्रारीचा नंबर १२३१५. चिनी बोलणारं कुणी ओळखीचं असेल तर एक फोन करून पाहा, पण त्यावर पैसे खर्च करू नका. आपल्या ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथे तक्रार दाखल करता येईल, पण त्या गाळ्यावर आदेश बजावणार कोण?

पैसे परत मिळाले आणि हार तिकडे पाठवायची वेळ आली, तर कलम ८० चा आधार घेता येणार नाही. त्या कलमाखाली सामान ठेवून घेऊन परत नेण्याची सोय आहे, पण ज्याने खरं जाहीर केलं त्याच्यासाठीच. तुम्हाला नोटिशीच्या उत्तरात पुनर्निर्यातीची परवानगी मागावी लागेल. ती देणं न देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. सोडवणुकीचा दंड ठरला तर तो १२० दिवसांत भरावा लागतो, नाहीतर पर्यायच बाद होतो. आदेश मान्य नसेल तर ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येतं, आणि त्यापुढे सामानाच्या प्रकरणात न्यायाधिकरण नाही, थेट केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज.

राहिले टॉप्स. तेही तुम्ही तिकडूनच आणलेत आणि जाहीर केलेले नाहीत. सराफाचं मत किंवा टॉप्सचा प्रयोगशाळेचा अहवाल कस्टम्सला पाठवलात, की पहिला प्रश्न येणार, 'हे दोन मोती कुठले?' म्हणून त्याच पत्रात एक ओळ घाला की हारासोबत टॉप्सची जोडी मिळाली, त्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत, ते माझ्याकडे आहेत आणि सांगाल तेव्हा हजर करीन. आणि तोवर सराफाकडून पॉलिश करून घेऊ नका.