उभी गाडी, उतरलेली बॅटरी

प्रश्न : माझी गाडी दोन-तीन आठवड्यांतून एकदा बाहेर निघते. उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. घर तिसऱ्या मजल्यावर, खाली प्लग नाही. वर्षभरात दोनदा बॅटरी पार बसली. मेकॅनिकने मोजून सांगितलं की, गाडी बंद असतानाही 40 मिलिअँपिअर करंट जातो आणि तेवढा चालतो. बॅटरी 45 अँपिअर-तासांची, दीड वर्षाची. शेजारी म्हणतात, रोज दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. भावाने डॅशबोर्डवर ठेवायचं 5 वॅटचं सोलर पॅनेल आणून दिलं, लायटरच्या सॉकेटमध्ये पिन खुपसायची. ते लावूनही दुसऱ्यांदा बॅटरी बसलीच. चुकतंय कुठे?

उत्तर : मेकॅनिकने आकडा मोजून दिला हे फार बरं झालं. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत 'बॅटरी खराब आहे का?' एवढंच असतं, आणि त्यावर काय सांगणार, कपाळ!

40 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ 1 अँपिअर-तास. कुलूप, अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटरची आठवण यांवर तो जातो, त्यात दोष काही नाही. पण तीन आठवड्यांत 20 अँपिअर-तास गेले. म्हणजे जवळजवळ अर्धी बॅटरी, तीही सुरुवातीला पूर्ण भरलेली होती असं धरून. ती तशी नसणार, कारण दोन-तीन आठवड्यांतून एखादी छोटी फेरी मारून बॅटरी कधीच काठोकाठ भरत नाही. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन् तास लागतात. अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनरेटरने, कितीही जोर केला तरी तिथे बॅटरी करंट सावकाशच घेते.

सेल्फ मारताना बॅटरी खूप खाल्ली जाते असं सगळे समजतात. हिशोब करून बघा : 150 अँपिअर, दोन सेकंद. हे होतात 0.08 अँपिअर-तास. तुमची गाडी नुसती उभी राहून दोन तासांत तेवढे खाते! चोर सेल्फ नाही, पार्किंग आहे.

आता शेजाऱ्यांचा सल्ला. दहा मिनिटांत एखाद-दोन अँपिअर-तास परत येतही असतील, पण थंड इंजिन तापण्याआधीच बंद केलं की इंधन जळून आत धरलेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये राहतं. बॅटरी वाचवायला इंजिन गंजवायचं, हा कुठला व्यवहार? चालवायचीच तर आठवड्यातून एकदा सलग 40 मिनिटं रस्त्यावर चालवा. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, कुणीही, कधीही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पॅनेलकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. आधी एक तपासणी करा. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने काचेतून बघा, त्या सॉकेटमध्ये लावलेल्या मोबाइल चार्जरचा दिवा लागलाय का. अनेक गाड्यांत किल्ली काढली की सॉकेट मरतं. तसं असेल तर तुमचं पॅनेल इतके महिने कुठेच जोडलेलं नव्हतं. माझी पैज यावरच.

सॉकेट जिवंत निघालं तरी 5 वॅट पुरत नाहीत. चांगल्या उन्हात ते 0.3 अँपिअरच्या आसपास देतं. काचेआड, आडवं ठेवलेलं, डॅशबोर्डवर तापलेलं पॅनेल त्याच्या निम्म्यावर येतं. चार तासांचं खणखणीत ऊन धरलं तर दिवसाला 0.6. जातात 1, येतात 0.6. भोक पडलेल्या हंड्यात वाटीने पाणी ओतत बसण्यातला प्रकार. ढगाळ आठवडा आला की वाटीही रिकामी.

मी तुमच्या जागी असतो तर 20 वॅटचं पॅनेल आणि सोबत चार्ज कंट्रोलर घेतला असता. कंट्रोलर हवाच, कारण '12 व्होल्टचं' म्हणून विकलं जाणारं पॅनेल कशालाही जोडलेलं नसताना 20 व्होल्टच्या पुढे जातं. सरळ जोडलं तर लांबलेल्या उन्हात बॅटरी उकळेल. कंट्रोलर तिला भरल्यावर 13.6-13.8 व्होल्टवर धरून ठेवतो आणि रात्री करंट उलटा पॅनेलकडे जाऊ देत नाही. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सॉकेटच्या भानगडीत न पडता वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर न्या, आणि पॉझिटिव्हच्या वायरीत, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, 5 अँपिअरचा फ्यूज घाला. तो विसरलात तर वायर कुठे घासली की आग. काही नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तिथे निगेटिव्ह वायर बॉडीला जोडा, म्हणजे आलेला करंट गाडीच्या हिशोबात धरला जाईल. गाडी चालवताना पॅनेल डॅशबोर्डवरून काढा, एअरबॅगच्या तोंडावर तर मुळीच नको.

सावलीत किंवा तळघरात गाडी असती तर हे सगळं फुकट गेलं असतं. तिथे 10 नंबरचा पाना घेऊन निगेटिव्ह टर्मिनल सोडवणं हाच सोपा उपाय. मग फक्त बॅटरीची स्वतःची झीज उरते, थंड हवेत महिन्याला 3 ते 5 टक्के. उकाड्यात दर 10 अंशांमागे साधारण दुप्पट. घड्याळ पुसलं जाईल, रेडिओ कोड मागेल, बटणाच्या काचांना कुठे थांबायचं ते पुन्हा शिकवावं लागेल. रिमोटही चालणार नाही, तेव्हा साध्या किल्लीने दार उघडतं ना, हे आधी बघून ठेवा. मी एकदा न बघता केलं होतं. पुढचा तास कसा गेला ते छापण्याजोगं नाही.

दोनदा पार बसलेल्या बॅटरीची ताकद थोडी कमी झालीच असणार. उतरलेल्या प्लेटांवर सल्फेट साचतं आणि तसंच राहिलं तर कडक होतं. तेव्हा ती एकदा बाहेर काढून चार्जरवर पूर्ण भरून घ्या, रात्रभर न जोडता ठेवा, सकाळी मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्ट दाखवलं तर ठीक. 12.4 च्या खाली घसरली तर तिच्यावर पॅनेलचा खर्च करण्याआधी नव्या बॅटरीचा विचार करा. पुढेही हाच मीटर वापरायचा : 12.4 म्हणजे पाऊण भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, आणि निम्मीवर आली की वाट बघायची नाही.

प्रश्न : माझी गाडी तर चार दिवसांतच बसते. पॅनेल लावू का?

उत्तर : नको, आधी चोर शोधा. माझ्याच गाडीत हे झालं होतं. डिकीचा 5 वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत होता. दिवसाला 10 अँपिअर-तास, 35 ची बॅटरी साडेतीन दिवसांत खलास. मीटर लावून बसलो होतो, फ्यूज एकेक काढत होतो. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, फोन डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. काढून बघतो तर आत लख्ख उजेड.