दुसरा पुलकेशी : कोण काय सांगतं?

चालुक्य मूळचे अयोध्येचे, असं वाचलं. खरं का?

दुसरा पुलकेशी हा सातव्या शतकातला बदामीचा चालुक्य राजा. त्याच्या काळातले लेख अयोध्येचं नावही काढत नाहीत. ताम्रपटांत घराणं स्वतःला मानव्यगोत्री, हारीतीपुत्र, सप्तमातृकांनी वाढवलेलं म्हणवतं. नारायणाच्या प्रसादाने वराहलांछन, म्हणजे वराहाचं राजचिन्ह मिळालं, एवढंच पुढे. अयोध्येतले ५९ राजे, ब्रह्मदेवाच्या ओंजळीतून जन्मलेला वीर, या कथा पुढच्या, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या; चारेकशे वर्षांनंतरच्या. मी सुरुवात बदामीच्या कड्यावरच्या लेखापासून करतो. शके ४६५ (इ. स. ५४३-४४) मध्ये पहिल्या पुलकेशीने तिथे डोंगरावर किल्ला बांधला.

ऐहोळेच्या लेखात 'महाराष्ट्र' आहे. म्हणजे राजा मराठी होता ना?

मेगुती जैन मंदिराच्या भिंतीवर दरबारी कवी रविकीर्तीची ही संस्कृत प्रशस्ती (राजाचा स्तुतिलेख) आहे, शके ५५६ ची (इ. स. ६३४-३५). त्यात ९९ हजार गावांच्या तीन 'महाराष्ट्रकां'चं आधिपत्य पुलकेशीने मिळवलं, असं म्हटलंय. मिळवलं, हे क्रियापद विसरू नका; म्हणजे ते मुळात त्याचं नव्हतं. राजधानी वातापी, म्हणजे आजची बदामी. चिनी यात्रेकरू युआन श्वांग मात्र त्याच्या देशालाच महाराष्ट्र म्हणतो. आजचा मराठी-कानडी वाद सातव्या शतकाच्या गळ्यात बांधू नये, असं मला मनापासून वाटतं.

हर्षवर्धनाला त्याने खरंच हरवलं, की दरबारी कवीची अतिशयोक्ती?

शंका रास्त आहे. 'भयविगलितहर्ष', म्हणजे भीतीने ज्याचा हर्ष गळाला, असा हर्षाच्या नावावरच श्लेष करणाऱ्या रविकीर्तीवर एकट्यावर मीही विसंबलो नसतो. पण युआन श्वांग हर्षाचा सन्मानित पाहुणा होता. हर्षाची थोरवी तो भरभरून गातो आणि तरीही लिहितो, की हर्ष स्वतः सैन्य घेऊन गेला, पण या लोकांना नमवू शकला नाही. प्रतिपक्षाच्या मित्राची साक्ष! तारखेचा प्रश्न बराच काळ अडला होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या संशोधकांनी वाचलेल्या इ. स. ६१९ च्या ताम्रपटात हा विजय येतो, म्हणजे युद्ध त्याआधीच झालेलं.

अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातल्या चित्रातला इराणी वकील त्याच्याच दरबारातला का?

मला पटत नाही. ही ओळख एकोणिसाव्या शतकातली. आता बरेच अभ्यासक ते लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, पाचव्या शतकातलं मानतात.

त्याचा शेवट कसा झाला?

इ. स. ६४२ च्या सुमारास पल्लव राजा नरसिंहवर्म्याने वातापी घेतली. पुलकेशी लढाईत पडला, असं पाठ्यपुस्तकं बिनदिक्कत लिहितात. पल्लवांचा कूरम ताम्रपट मृत्यूबद्दल बोलत नाही. पळणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवर नरसिंहवर्म्याने 'विजय' ही अक्षरं पत्र्यावर कोरावीत तशी लिहिली, असं तो म्हणतो. हे शत्रूचं काव्य. मुलगा विक्रमादित्य आपल्या ताम्रपटांत एवढंच सांगतो, की वडिलांची राज्यलक्ष्मी तीन राजांनी झाकोळली होती, ती मी परत आणली.