गोदीत माणूस किती दिवस? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गोदी, बंदर आणि ऑटोमेशन यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, पत्रं अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आली. एकसारखी होती ती एकत्र केलीत, आणि ज्यांनी नाव छापू नका म्हटलंय त्यांचं छापलेलं नाही.

प्रश्न : माझे मिस्टर बंदरात कॉन्ट्रॅक्टरकडे लॅशिंगला, म्हणजे जहाजावर कंटेनर बांधायच्या कामाला आहेत. पाळी आठ तासांची म्हणतात पण जहाज सुटेपर्यंत सोडत नाहीत, बारा-बारा तास होतात. मध्यंतरी रॉड पायावर पडून बोट मोडलं तर घरी बसलेल्या दिवसांचा खाडा धरला. काही बोललं की सुपरवायझर म्हणतो, आता सगळं ऑटोमॅटिक होणारे, तुम्हाला कोण विचारणारे, आहे तोवर गप कमवा. खरंच असं होणार का? (एक भगिनी, उरण तालुका)

उत्तर : ताई, आधी त्या सुपरवायझरचं बघू. बंदरातली जी कामं मशिनकडे जातायत ना, त्या रांगेत लॅशिंग अगदी शेवटी आहे. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, डेकवर कंटेनर एकावर एक रचलेले असतात, प्रत्येकाच्या कोपऱ्यात ट्विस्टलॉक बसवायचा, म्हणजे दोन कंटेनर एकमेकांना अडकवणारं पाच-सहा किलोचं लोखंडी कुलूप, आणि खालच्या थरांना लांबलचक रॉड तिरके लावून टर्नबकलने, म्हणजे फिरवून ताण देणाऱ्या स्क्रूने, आवळायचे. रॉड उभा धरून डोक्याच्या वर, कंटेनरच्या कोपऱ्यातल्या भोकात नेम धरून अडकवायचा, पाय ठेवायला अरुंद पट्टी, पावसाळ्यात ती निसरडी, एप्रिल-मेत लोखंडाला हात लावला तर चटका, आणि हे सगळं चालू असताना वरून क्रेन कंटेनर घेऊन जात असते. रॉटरडॅमच्या बंदरात १९९३ पासून बिनड्रायव्हरच्या गाड्या कंटेनर वाहतात, यार्डातल्या क्रेन आपोआप चालतात, तरी जहाजावर रॉड आवळायला आजही माणसंच चढतात. कारण प्रत्येक जहाजाची मांडणी वेगळी, काही रॉड गंजलेले, काही वाकलेले, जहाज जाग्यावर डुलत असतं, आणि एवढं सगळं सांभाळणारं मशिन माणसापेक्षा खूप महाग पडतं. म्हणजे सोपं आणि सावलीतलं काम मशिनला, आणि हाडं मोडणारं काम माणसाला, असं चाललंय. तुमच्या मिस्टरांना ऑटोमेशनची भीती घालतात ती ओव्हरटाइम मागू नये म्हणून.

आता बोटाचं. ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापत असतील तर कामावर झालेल्या जखमेच्या रजेत पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो, खाडा धरणं हा प्रकारच चुकीचा. ईएसआय नसेल तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर येते. पण त्यासाठी अपघाताची नोंद लागते आणि नेमकं तेच करत नाहीत, 'घरी पडला' म्हणून लिहायला लावतात, तसं अजिबात लिहून देऊ नका. दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर 'जहाजावर काम करताना' हे शब्द आले पाहिजेत. गोदी कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा १९८६ चा, त्यात कॉन्ट्रॅक्टरमार्फत लागलेला माणूससुद्धा गोदी कामगारच धरलाय, आणि तो कायदा ज्यात मिसळला तो सुरक्षिततेचा लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालाय. त्यात नेमणूकपत्र द्यायलाच लागतं, जादा तासांना दुप्पट दर लागतो. बंदरातल्या सुरक्षिततेवर देखरेख करणारं केंद्राचं खातं आहे, डीजीएफएएसएलआय, मुख्य ऑफिस मुंबईत सायनला, त्यांचे डॉक सेफ्टीचे इन्स्पेक्टर असतात. तक्रार एकट्याने न करता टोळीतल्या पाच-सहा जणांनी सह्या करून द्या, एकट्याचं नाव पुढे आलं की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद होतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : मी सीएफएसमधे (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) कंटेनर रिकामे करतो. काही कंटेनर उघडले की डोकं जड होतं, मळमळतं. जुने लोक म्हणतात सवय होते. (नाव नको, जासईजवळ)

उत्तर : सवय होत नाही. माल किडू नये म्हणून कंटेनरमधे मिथाइल ब्रोमाइड किंवा फॉस्फिन हा विषारी गॅस सोडलेला असतो (यालाच फ्युमिगेशन म्हणतात), दार बंद असेपर्यंत तो आतच कोंडून राहतो. मिथाइल ब्रोमाइडला तर वासही येत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे वास नाही म्हणजे गॅस नाही असं समजू नका. दारावर फ्युमिगेशनचा स्टिकर आहे का बघा, स्टिकर फाटलेला असला तरी तो होता असंच धरा, दार उघडून बाजूला व्हायचं, हवा खेळू द्यायची आणि गॅस मोजायच्या मीटरने तपासल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. मीटर नाही म्हणाले तर आत जायला नकार द्या. आणि एकदा डॉक्टरांकडे जाऊन गॅसचा विषय स्पष्ट सांगून तपासून घ्या, नुसतं 'डोकं दुखतं' सांगाल तर ॲसिडिटीची गोळी देऊन पाठवतील.

प्रश्न : आमचे आजोबा मुंबई गोदीत होते, पगार, पेन्शन, दवाखाना सगळं होतं. आता तेच काम करणाऱ्या पोरांना काहीच नाही. मधे नक्की काय झालं? (लालबाग)

उत्तर : आजोबांना ते कुणी आयतं दिलं नव्हतं. त्यांच्याही आधीच्या पिढीला विचारलं असतं तर त्यांनी टोळीवाल्याचं नाव काढलं असतं, सकाळी गेटवर उभं राहायचं, टोळीवाला बोट दाखवेल तो आत, बाकीचे घरी, आणि मजुरीतला हिस्सा परत त्यालाच. पी. डिमेलो आणि त्यांच्यासारख्यांच्या युनियनने हे मोडायला लावलं, ज्यांच्या नावाचा रस्ता आज गोदीला लागून जातो तेच हे. १९४८ चा कायदा आला, १९५१ ची मुंबईची स्कीम आली, डॉक लेबर बोर्ड झालं. त्यातली खरी मेख अशी की जहाज येवो न येवो, रजिस्टरवरच्या माणसाला महिन्यातल्या ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमी. कामाचा चढउतार मालकांच्या पैशातून भरायचा, कामगाराच्या पोटातून नाही. माझ्या मते देशातल्या अंगमेहनतीच्या कामगारांना मिळालेली ही सर्वात हुशार व्यवस्था होती, आणि पुढे १९६९ चा माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी ज्यासाठी जन्म घातला, त्याच्यात पण हीच कल्पना आहे, रजिस्टर आणि बोर्ड.

मग काय झालं तर कंटेनर आला. गोणी, पेट्या, बोजे उचलायला टोळ्या लागायच्या, ते सगळं पत्र्याच्या पेटीत गेलं आणि पेटी उचलायला एक क्रेन. १९८९ ला न्हावा-शेवा सुरू झालं, मुंबईचा माल हळूहळू खाडीपलीकडे गेला. १९९४ ला मुंबईचं डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमधे विलीन झालं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक तर बुजवून टाकले. नव्या बंदरात रजिस्टर आलंच नाही, थेट कॉन्ट्रॅक्टर आला, आणि त्याच्यामागून टोळीवाला पण परत आला, फक्त आता तो व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतो की उद्या आठ जण पाहिजेत. म्हणून मला रोबोटच्या गप्पा ऐकून जरा चिडायला होतं, आपल्याकडे गोदी कामगाराच्या हक्काचं जे गेलं ते रोबोट यायच्या कितीतरी आधी गेलं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. २०२४ च्या ऑक्टोबरमधे इथल्या गोदी कामगारांनी संप केला, आमचं भारतातून येणारं फर्निचर अडकणार म्हणून टेन्शन. तासाला इतके डॉलर मिळूनही मशिन नको म्हणून अडवणूक करणं योग्य आहे का? (एडिसन)

उत्तर : फर्निचरचं टेन्शन समजू शकतो, पण संप तीन दिवसांत मिटला, त्यामुळे बहुतेक आलं असेल. तुम्ही राहता तिथून जवळच या सगळ्याची सुरुवात झाली बरं का. २६ एप्रिल १९५६ ला नेवार्कच्या धक्क्यावरून 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघालं, माल्कम मॅक्लीनची आयडिया. हाताने माल भरायचा खर्च टनाला ५.८६ डॉलर होता, पेटीमुळे तो १६ सेंट झाला असं हिशेब करून सांगितलं जातं. एवढी बचत झाल्यावर ती कुणाच्या खिशात जाणार हाच तेव्हापासूनचा वाद आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेसच्या गोदी युनियनने १९६० मधे काय केलं तर मशिनला हो म्हटलं आणि किंमत लावली, मालकांनी २.९ कोटी डॉलरचा फंड द्यायचा, त्यातून लवकर रिटायरमेंट, आणि रजिस्टरवरच्या कुणालाही काढायचं नाही. तुमच्या न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे त्याच दशकात वार्षिक उत्पन्नाची हमी आली, काम नसलं तरी ठरावीक तासांचा पगार. २०२४ च्या संपात सुमारे ४५ हजार लोक होते, पगार सहा वर्षांत ६२ टक्के वाढवायचं ठरल्यावर ते कामावर परतले, पण ऑटोमेशनचा मुद्दा उरला होता, तो जानेवारी २०२५ मधे मिटला आणि पूर्ण बिनमाणसाच्या मशिनला असलेली बंदी तशीच राहिली.

योग्य की अयोग्य विचारताय तर मी त्यांच्या बाजूने आहे, थोडं हातचं राखून. मशिन कायमचं अडवता येत नाही हे ब्रिजेसला कळलं होतं. पण मशिन आलं की बंदर आपोआप फास्ट होतं हे पण खरं नाही, मॅकिन्सीसारख्या मॅनेजमेंट सल्लागार कंपनीने, जी काही कामगारांची मावशी नव्हे, २०१८ मधे लिहिलंय की ऑटोमेटेड बंदरांचा चालवायचा खर्च १५ ते ३५ टक्के कमी झाला पण उत्पादकता ७ ते १५ टक्क्यांनी घसरली. म्हणजे तुमचं फर्निचर लवकर यावं म्हणून ती मशिनं येतायत असं समजू नका. आणि आपल्याकडेही २०२४ च्या ऑगस्टमधेच मोठ्या बंदरांतल्या संघटनांनी संपाची नोटीस दिली होती, आदल्या दिवशी ८.५ टक्के वाढीवर समेट झाला, तो करार २०२२ च्या जानेवारीपासूनचा थकलेला होता. तेव्हा अमेरिकेतलेच अडवणूक करतात असं नाही, इथे तर थकलेला करार मिळवायला नोटीस द्यावी लागते.

प्रश्न : आमची जमीन बंदरात गेलीय. मी आयटीआय करतोय, क्रेन ऑपरेटरचा प्रायव्हेट कोर्स आहे, फी बरीच आहे. करू का? क्रेन तर उद्या आपोआप चालणार म्हणतात. वाढवणला नोकऱ्या मिळतील का? (उरण)

उत्तर : तुझ्या घरात १९८४ चा जानेवारी माहीत असणार, दि. बा. पाटलांचं आंदोलन, गोळीबारात गेलेले पाच जण आणि नंतर मिळालेली साडेबारा टक्के विकसित जमीन. त्यामुळे जमिनीच्या बदल्यात नोकरी या शब्दाची किंमत तुला मी शिकवत नाही. न्हावा-शेव्यात १९९९ ला पहिलं खासगी टर्मिनल आलं, २०२२ ला बंदर चालवणाऱ्या जेएनपीएचं स्वतःचं टर्मिनलही ३० वर्षांच्या कराराने खासगीकडे गेलं. बंदर वर्षाला वीस फुटी कंटेनरच्या मापाने ७० लाखांहून जास्त कंटेनर हाताळतं, म्हणजे काम वाढतंय, पण कायम नोकरी त्या मापाने वाढत नाही. सीएफएसवाल्यांना तर धक्का मशिनने दिलाच नाही, २०१६ नंतर आयातदाराने कंटेनर थेट बंदरातून उचलायची पद्धत जोरात आली आणि गोदामात माल उतरवायचं काम आटलं.

क्रेनचं म्हणशील तर केरळात विळिंजमला जाऊन बघण्यासारखं आहे. तिथे ऑपरेटर केबिनमधे बसत नाही, कंट्रोल रूममधे स्क्रीनसमोर बसतो, यार्डातल्या क्रेन बऱ्याचशा आपोआप चालतात, आणि आसपासच्या गावातल्या मुलीही त्या चालवतायत. जुन्या पद्धतीत चाळीस-पन्नास मीटर उंच केबिनमधे बसून पाळीभर पायांच्या मधून खाली बघायचं, मान आणि कंबर दोन्ही जातात. तेव्हा स्क्रीनवरचं काम शरीराला चांगलंच, फक्त एक माणूस एकापेक्षा जास्त क्रेन बघू शकतो, म्हणजे खुर्च्या कमी. वाढवण हा पालघर जिल्ह्यातला नव्या बंदराचा ७६,२०० कोटींचा प्रकल्प, भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मधे झालंय, मच्छीमारांचा विरोध अजून आहेच. ते बंदर नवं, म्हणजे पहिल्यापासून विळिंजमसारखंच बांधलं जाईल असा माझा अंदाज. तुझं इलेक्ट्रिकल असेल तर ते आधी पूर्ण कर, कारण क्रेन कुणीही चालवो, ड्राइव्ह, सेन्सर आणि केबल दुरुस्त करायला माणूस लागतोच. कोर्स करायचाच असेल तर फी भरायच्या आधी तीन गोष्टी विचार, सिम्युलेटरवर किती तास देणार, सर्टिफिकेट कुठलं टर्मिनल मानतं, आणि मागच्या बॅचमधली किती मुलं लागली आणि कुणाच्या पेरोलवर. शेवटच्याचं उत्तर लेखी मागून बघ.